हात मोकळे होईपर्यंत

"दार! भाऊजी, आधी दार लावा, ऊब चालली सगळी!"

एक पाय आत आणि एक पाय बाहेर अशा अवस्थेत उभा असलेला तो घाईघाईने आत शिरला, पाठीनेच दार ढकलले आणि दाराला टेकून राहिला. भर दुपारच्या उन्हातून आल्यामुळे डोळ्यांना काही दिसेना. नाकाला मात्र पिसांचा, भुशाचा आणि कोमट ओलाव्याचा तो ओळखीचा वास आला. या शेडमध्ये उबवणी यंत्रांच्या पंख्यांची घरघर अहोरात्र चालू असे. ती थांबली होती, आणि ती थांबल्यामुळे शेड एकाएकी परक्या माणसाच्या घरासारखी वाटत होती.

"वीज कधी गेली?" त्याने विचारले.

"तुम्ही फाटकाशी गाडी लावत होतात ना काका, तेव्हाच," अंधारातून त्याची पुतणी म्हणाली. "पायगुण म्हणतात तो हाच."

"गप गं तू. भाऊजी, तुमच्या डाव्या हाताला ब्लँकेटं आहेत बघा. द्या इकडं."

त्याने ब्लँकेटे उचलली व आवाजाच्या रोखाने पुढे केली. वाटेत गाडीवर जे वाक्य त्याने घोळवून घोळवून गुळगुळीत केले होते ते ओठांपर्यंत आले होते, परंतु वहिनींचे दोन्ही हात यंत्राच्या झाकणाशी गुंतलेले आहेत हे त्याला आता अंधुक दिसू लागले, आणि ते वाक्य त्याने गिळून टाकले.

याला कारण होते. वीज वाहून नेणाऱ्या कंपनीत त्याचे काम एकच होते. जिथून नवी लाईन जायची असेल तिथल्या जागामालकांच्या घरी जाणे, बसणे, बोलणे आणि त्यांचा होकार घेऊन येणे. कंपनीच्या मसुद्यात 'राजीखुशीने' असा एक शब्द होता. बाकीचे लोक तो शब्द न वाचताच पुढे जात. हा मात्र त्या शब्दापाशी थांबून तो प्रत्येकाला समजावून सांगे, म्हणून कचेरीत त्याला राजीखुशी हेच नाव पडले होते. साहेबापासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्याला याच नावाने हाक मारीत, आणि तोही ओ देई.

या राजीखुशीचा एक नेम होता. ज्याचे हात कामात आहेत त्याच्याकडे होकार मागायचा नाही. नोकरीच्या सुरुवातीला त्याने एका सुताराला रंधा मारता मारताच विचारले होते. सुतार "हो हो" म्हणाला, हा खुशीत परतला. दुसऱ्या दिवशी तो सुतार कचेरीच्या पायरीवर येऊन बसला आणि म्हणाला, "साहेब, काल मी हो म्हणालो नाही. माझं ध्यान लाकडात होतं. तुम्हाला वाटेला लावायला तोंडातून निघालं ते." तेव्हापासून याने नेम धरला. गाय पिळणारी बाई असो, कणीक मळणारी असो, चप्पल शिवणारा म्हातारा असो, हा बाजूला उभा राही. माणूस हात धुऊन, पुसून समोर बसला की मगच तोंड उघडी. इतर जण दिवसाला चार होकार आणीत तेव्हा हा एक आणी. पण याने आणलेला होकार कधी परत गेला नाही, आणि या एका गोष्टीचा त्याला मनातून अभिमान होता.

परंतु आजचा दिवस अभिमानाचा नव्हता, घाईचा होता.

राजधानीत विधिमंडळाच्या सभागृहात विजेचे विधेयक चर्चेला आले होते. विधेयकात चांगल्या गोष्टी होत्या. लहान कारखानदारांना आणि घरांना वीज परवडेल असे दर, जुन्या लाईनींची मजबुती, आणि नव्या लाईनींना लागणाऱ्या परवानग्या वर्षानुवर्षे न रखडता ठरावीक मुदतीत देण्याची तरतूद. याने ते सगळे दोनदा वाचले होते आणि त्याला ते मनापासून पटले होते. शेवटची तरतूद त्याच्याच पोटावर पाय देणारी होती. यापुढे लाईनीसाठी जागामालकाचा होकार लागणार नव्हता, नुसती सूचना पुरे होणार होती. तरीही ते पटले होते. रखडलेल्या लाईनींपायी दवाखाने अंधारात बसलेले त्याने पाहिले होते.

सकाळी कचेरीतल्या अभियंता साहेबांनी त्याला बोलावून नकाशा पुढ्यात पसरला होता.

"हे बघा राजीखुशी, आज विधेयक मंजूर झालं की मी नकाशा बंद करणार. मंजुरीच्या आधी ज्यांचा होकार नोंदला गेला त्यांच्यासाठी लाईनीला घातलेला वळसा जसाच्या तसा राहील. बाकी सगळीकडं लाईन सरळ. तुमच्या वहिनींकडं काय?"

"अजून झालं नाही साहेब."

"तुमच्या शब्दाखातर हा वळसा काढला मी. शेड वाचावी म्हणून त्यांच्याच खडकाळ पट्ट्यात तारांचा एक मनोरा जास्तीचा घातला. सरळ गेली तर लाईन शेडच्या डोक्यावरून जाईल. शेड काढावी लागेल त्यांना. त्या तारांखाली नाही ठेवता येत असलं काही."

"माहीत आहे साहेब."

"मग? एक सांगू का, त्या जागेवर तुमचंही नाव आहे ना? भावाभावांची जागा. वाटणी झालेली नाही. मग तुम्हीच द्या की होकार, मी आत्ता नोंदवतो."

"राहतात त्या तिथं."

"नाव तुमचं आहे."

"नाव माझं आहे साहेब, पण राहतात त्या."

अभियंत्याने पेन्सिल कानावर ठेवली आणि हसून म्हटले, "जा मग. पळा. सभागृह काही तुमच्या वहिनींचे हात मोकळे व्हायची वाट बघणार नाही."

आणि हा पळतच आला होता.

"काका, उभे काय राहिलात? स्वयंपाकघरात पाणी ठेवलंय गॅसवर. उकळलं असेल तर डबे भरून आणा," पुतणी म्हणाली. "जनित्र नेमकं दुरुस्तीला गेलंय. त्या मेस्त्रीला फोन केला तर म्हणतो, आज लावतो. गेले आठ दिवस त्याचा आजच चाललाय."

तो स्वयंपाकघराकडे गेला. शेड आणि घर यांच्यामध्ये फरशीचा पट्टा होता. तो ओलांडताना खिशातला फोन वाजला. कचेरीतल्या नोंदणीच्या टेबलावर बसणाऱ्या ताई होत्या. सभागृहाचे कामकाज त्या मोबाईलवर बघत बसल्या होत्या, आणि नोंद करायची ती त्यांनीच.

"राजीखुशीकाका, झालं का?"

"नाही हो ताई. इथं वीज गेली आहे."

"काय सांगता! इथं मंत्री म्हणतायत, यापुढं वीज जाणार नाही. मंत्र्यांचं उत्तर संपलं. आता एकेक कलम घेतायत. चौथं चाललंय."

"एकूण किती आहेत?"

"मला काय माहीत, मी काय लिहिलीत ती? पण पटापट चाललंय. सभापती नुसते वाचतात, सदस्य म्हणतात होय, की पुढचं. तुम्ही आटपा."

त्याने उकळते पाणी पत्र्याच्या डब्यांत भरले, झाकणे लावली, फडक्यांत गुंडाळली. बोट भाजले. शेडमध्ये आला तर वहिनी एका यंत्रावर ब्लँकेटे चढवत होत्या आणि दुसऱ्याची झडप उघडत होत्या.

"ते का उघडता?" त्याने न राहवून विचारले.

"यातली फुटायला आली आहेत. आता त्यांना ऊब नको, हवा हवी. स्वतःच्याच उबेनं गुदमरतात मेली." वहिनी मागे न बघता म्हणाल्या. "त्या पलीकडच्यांना ऊब हवी. ती अजून नुसती पिवळं पाणी आहेत. डबे तिकडं खालच्या खणात सरकवा. अंड्यांना लागू देऊ नका."

त्याने डबे सरकवले. मग पुन्हा स्वयंपाकघर, पुन्हा शेड. मधल्या पट्ट्यावरून जाता येता त्याची नजर पलीकडच्या टेकडीकडे जाई. तिथे शेवटचा उभारलेला मनोरा होता. त्याच्या पोलादी हातांना अजून तारा नव्हत्या. तिथून सरळ रेघ ओढली तर ती नेमकी या पत्र्याच्या छपरावरून, मधल्या वाशाच्या जागेवरून जात होती. नकाशाची गरजच नव्हती. त्याला ते डोळे मिटूनही दिसत असे, आणि हल्ली झोपेतही दिसे.

फोन पुन्हा वाजला. हात ओले असल्यामुळे त्याने तो खांद्याने कानाशी दाबला.

"काका, एक सदस्य उठलेत विरोधात! भाषण करतायत!" ताई कुजबुजत होत्या. "लांबणार बघा. त्यांच्या गावातल्या रोहित्रापासून सुरू केलंय त्यांनी. ते रोहित्र कधी बसवलं, कुणी बसवलं, त्याला हार कुणी घातला, सगळं सांगतायत."

"बोलू द्या हो, बोलू द्या," तो म्हणाला, आणि आपण एका चांगल्या कामात खोडा घालणाऱ्या माणसाला मनोमन आयुष्य चिंतीत आहोत हे जाणवून त्याला विचित्र वाटले. "खोकला वगैरे नाही ना त्यांना?"

"खणखणीत आवाज आहे."

"पाणी प्यायला द्या म्हणावं."

"कुणाचा फोन?" वहिनींनी विचारले.

"कचेरीतला."

"सारखा सारखा?"

"सभागृहात विजेचं चाललंय आज."

"मग तिकडं चाललंय म्हणून इकडं गेली वाटतं," पुतणी म्हणाली. "एका वेळी एकच काम."

वहिनींनी बॅटरीच्या उजेडावर एक अंडे धरले. उजेड आरपार गेला आणि आतल्या लालसर जाळ्या दिसल्या. त्या जाळ्यांत एक ठिपका हलत होता. वहिनींनी मान हलवली व ते परत ठेवले. मग दुसरे. हे त्या इतक्या सावकाश करीत होत्या की त्याच्या पायांना मुंग्या आल्या. एक पाय दुसऱ्यावर घासत तो उभा राहिला.

"विजेच्या उपकेंद्राला रस्त्यासाठी जागा दिली तेव्हा काय म्हणाला होतात तुम्ही?" वहिनी अंड्याकडे बघतच म्हणाल्या. "तुमच्या भावाला म्हणाला होतात, दादा, उपकेंद्र दाराशी आलं की आपली वीज कधी जाणार नाही. दिला त्यांनी रस्त्याला पट्टा. राजीखुशीनं दिला. आता उपकेंद्र तिथं खाली दिसतंय, त्याचे दिवे रात्री खिडकीतून आत येतात, आणि वीज सगळ्यांच्या आधी आमची जाते."

"मला तसंच सांगितलं होतं वहिनी."

"तुम्हाला सांगितलं, तुम्ही आम्हाला सांगितलं. सांगण्यात काही खोट नव्हती."

त्याने पुढचा डबा उचलला. प्रत्येक खेपेला हेच होत असे. गेल्या वर्षभरात तो इथे कितीतरी वेळा आला होता. कधी वहिनी ट्रे धूत असत, कधी खोक्यांत पिल्ले मोजून भरीत असत, कधी पाणी शिंपडीत असत. उबवणीच्या धंद्याला बसणे माहीतच नाही. हा बाजूला उभा राही, दोन डबे उचलू लागे, चार इकडचे तिकडचे बोले. बोलता बोलता वहिनी उपकेंद्रावरून कुरकुर करीत, आणि ती ऐकून याला वाटे, आज नको. मग कचेरीत जाऊन तो सांगे, अजून तयार नाहीत. आणि अगदी खरे सांगायचे तर इतर घरांत नकार ऐकताना त्याला काही होत नसे, पण या घरातला नकार ऐकण्याची छाती त्याला नव्हती. भाऊ गेल्यावर हे एकच घर त्याला स्वतःचे म्हणायला उरले होते. त्यामुळे नेमाचा त्याला इथे फार आधार होता.

फोन तिसऱ्यांदा वाजला तेव्हा तो फरशीवर बसून फडके पिळत होता.

"काका," ताईंचा आवाज बदलला होता. "ते सदस्य आता आवरतं घेतायत असं दिसतंय. 'शेवटी मी एवढंच म्हणेन' असं दोनदा म्हणाले."

"दोनदा म्हणाले म्हणजे अजून वेळ आहे."

"नाही हो, सभापती घंटी वाजवायला लागले. ऐका माझं. साहेब इथंच उभे आहेत. ते म्हणतायत, तुमचं नाव आहे जागेवर, तुम्ही फोनवर नुसतं हो म्हणा, आम्ही दोघं साक्षीदार. मी आत्ता नोंदवते. सही उद्या. काका, शेड जाईल हो. मी बघून आले आहे ना ती, पिल्लं घ्यायला आले होते तेव्हा. म्हणा हो."

तो उठून दाराशी गेला. दार उघडता येत नव्हते, ऊब जाईल. म्हणून दाराच्या फटीशी तोंड नेऊन उभा राहिला. फटीतून उन्हाची एक पट्टी त्याच्या बुटांवर पडली होती. त्याला वाटले, यात काय चूक आहे? नाव माझे आहे. जागा वडिलांची आहे. शेड वाचेल, वहिनींची रोजी वाचेल, पोरीचे पुढचे वाचेल. वहिनी चार महिने बोलणार नाहीत, मग बोलतील. आणि न बोलल्या तरी शेड तर राहील.

"ताई," तो म्हणाला, "लिहा."

"हां, लिहिते. काय लिहू? 'सहमालक यांनी राजीखुशीने' असंच ना?"

तो शब्द त्याने इतक्या घरांत, इतक्या ओट्यांवर समजावून सांगितला होता. 'राजीखुशीने म्हणजे कसं, की कुणी मागून ढकललं नाही, कुणी पुढून ओढलं नाही.' त्याने मान वळवली. वहिनी पाठमोऱ्या होत्या. बॅटरी दातांत धरून दोन्ही हातांनी त्या एक ट्रे कलता करीत होत्या. वीज नसल्यामुळे ट्रे कलते करणारी मोटर बंद होती, आणि अंडी एकाच कुशीवर फार वेळ राहिली की आतला जीव कवचाला चिकटतो, हे त्याला त्यांनीच कधीतरी सांगितले होते. त्यांच्या मानेवरून घाम ओघळत होता आणि तो पुसायलाही त्यांना हात नव्हता.

"काका? लिहू ना?"

"नको," तो म्हणाला. "थांबा. विचारतो."

"कधी विचारणार हो!"

"त्यांचे हात मोकळे झाले की."

पलीकडे ताईंनी काहीतरी म्हटले, ते बहुधा साहेबांना म्हटले असावे, आणि फोन बंद झाला.

तो परत यंत्रापाशी आला व ट्रेची दुसरी बाजू धरली. दोघांनी मिळून एकेक ट्रे कलता केला. मधेच यंत्राने एक उचकी दिली, पंख्याचे पाते थरथरले, आणि घरघर सुरू झाली. दिवे लागले. पुतणीने ओरडून टाळ्या वाजवल्या. वहिनींनी दातांतली बॅटरी काढली.

"चला, जीव आला. एवढी शेवटची ओळ राहिली. ती हातानंच करून घेऊ, मोटरचा भरवसा नाही."

शेवटची ओळ होईपर्यंत त्याने घड्याळाकडे पाहिले नाही. खिशातला फोन थरथरला, तोही त्याने काढला नाही. मग एकदाची ओळ संपली. वहिनी नळापाशी गेल्या, हात धुतले, कोपरापर्यंत धुतले, तोंडावर पाणी मारले आणि पदराला पुसत दाराबाहेर येऊन ओट्यावर बसल्या. तोही बाहेर आला. ऊन उतरायला लागले होते. आता त्याने फोन काढून ताईंना लावला.

"झालं काका," ताई म्हणाल्या. "आवाजी मतदान. सभापतींनी विचारलं, अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावं. सगळे एकदम 'होय' म्हणाले. मग म्हणाले, 'होयचं बहुमत', आणि संपलं. माझा चहा कपातच होता अजून. साहेबांनी नकाशा बंद केला. ते म्हणाले, राजीखुशींना सांगा, मला वाईट वाटतंय."

"त्यांना सांगा, त्यांचा काही दोष नाही." त्याने फोन खिशात ठेवला.

पुतणी ट्रे धुवायचे सोडून दारात येऊन उभी राहिली होती. वहिनी म्हणाल्या, "हं. बोला आता. आल्यापासून घशात काहीतरी अडकलंय तुमच्या."

"आता बोलून उपयोग नाही वहिनी. कायदा मंजूर झाला. लाईन सरळ जाणार. या शेडवरून." त्याने सगळे सांगितले. वळसा कसा काढला होता, मनोरा पलीकडे खडकाळ पट्ट्यात कसा जाणार होता, मंजुरीच्या आधी होकार लागत होता, तो नसल्यामुळे काय होणार, सगळे. शेवटी म्हणाला, "सहा-आठ महिन्यांत शेड काढावी लागेल. भरपाई देतील. ते देतात, तेवढं खरं आहे."

"आई!" पुतणी म्हणाली. "अगं, शेड जाणार! दिला का नाहीस होकार?"

"मला विचारलं कुणी?" वहिनी म्हणाल्या.

"काका सारखे येत होते की वर्षभर!"

"येत होते. डबे उचलत होते, पाणी भरत होते. मला वाटलं, भावाची आठवण येते म्हणून येतात." त्या त्याच्याकडे वळल्या. "तुम्ही विचारलंत कधी, भाऊजी?"

एकेक खेप त्याने आठवून पाहिली. धुतले जाणारे ट्रे, मोजली जाणारी पिल्ले, पाण्याच्या बादल्या. विचारायच्या आधीची उभी राहण्याची वेळ त्याला प्रत्येक वेळची आठवली. विचारल्याचे एकदाही आठवेना.

"तुमचे हात कधी मोकळे नव्हते," तो म्हणाला.

"कसे असतील? कोंबड्यांचा धंदा आहे हा."

"आणि तुम्ही उपकेंद्रावरून बोलायचात. मला वाटलं, नाहीच म्हणायचंय तुम्हाला."

"कुरकुर केली मी. घरच्या माणसापाशी नाही करायची तर कुणापाशी? कुरकुर म्हणजे काय नकार झाला?" वहिनींचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "जन्मभर लोकांकडून होकार आणलेत, एवढं कळू नये तुम्हाला?"

पुतणीने ओल्या ट्रेचे पाणी झटकले. शेडच्या आत पंखे घरघरत होते. खाली उपकेंद्राशी कुणीतरी गाडी सुरू करीत होते, ती सुरू होत नव्हती.

"विचारा," वहिनी म्हणाल्या.

"वहिनी, आता त्याला काही अर्थ उरला नाही."

"अर्थ होता तेव्हा विचारलं नाहीत. आता विचारा."

तो उभा राहिला. शर्टाच्या बाह्या त्याने खाली ओढून गुंड्या लावल्या, आणि इतरांच्या घरी जसे बोलत असे त्याच शांत, मोजक्या शब्दांत बोलू लागला. अमुक टेकडीवरून तमुक गावाकडे लाईन जाणार आहे, तिच्यामुळे अमक्या लोकांची वीज टिकेल, तुमच्या जागेत एक मनोरा उभा राहील, त्याचा आवाज येईल, पावसाळी हवेत तारा गुणगुणतील, ते मी लपवत नाही. त्या बदल्यात काय मिळेल ते सांगितले. मग राजीखुशी म्हणजे काय ते सांगितले. "तर तुमचं काय म्हणणं आहे?"

वहिनींनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "कुठं उभा राहणार तो मनोरा? कागद नको, मला कागदावरचं कळत नाही. तुम्ही उभे राहून दाखवा."

तो फरशीवरून खाली उतरला आणि शेडच्या समोर, जिथून आता सरळ रेघ जाणार होती तिथे जाऊन उभा राहिला. टेकडीवरच्या मनोऱ्याच्या रोखाने त्याने एक हात पसरला, आणि गावाच्या रोखाने दुसरा.

"असा?" वहिनी ओट्यावरून म्हणाल्या. "इथं नाही. इथं पिल्लांच्या डोक्यावर येतो. डावीकडं सरका."

तो हात पसरलेले ठेवूनच डावीकडे सरकला.

"आणखी. आणखी थोडे. तिथं पाण्याची टाकी आहे, टाकी ओलांडा. हां, खडकावर जा. मागे जरा. तुमच्या मागं ते सुकलेलं झाड आहे, त्याच्याही मागं."

खडकावर पाय घसरत होते. तो सांभाळून मागे मागे गेला. अभियंत्याने काढलेल्या वळशाची जागा त्याला ठाऊक होती. ती मागे पडली, आणि तरीही वहिनी त्याला हाताने खुणावीत होत्या. अखेर त्यांनी तळहात वर केला. त्या ओट्यावरून उतरल्या, थोड्या पुढे आल्या, कमरेवर हात ठेवून शेडकडे पाहिले, टेकडीकडे पाहिले, मग त्याच्याकडे पाहिले. त्यालाही तिथून दिसले, की तारा शेडला आणि घराला टाळून, उपकेंद्राच्या अंगाने, कुणाच्याच डोक्यावरून न जाता निघून गेल्या असत्या. ही जागा कचेरीत कुणाला सुचली नव्हती.

"इथं," वहिनी म्हणाल्या. "इथं चाललं असतं मला."

आतून बारीक चिवचिव ऐकू आली. पहिल्या अंड्यातून चोच बाहेर आली असावी. वहिनींनी कान दिला आणि भराभर पावले टाकीत शेडमध्ये गेल्या. जाताना दार मात्र अलगद लावून घेतले.

पुतणी खडकापर्यंत आली. "काका," ती म्हणाली, "हात खाली घ्या आता."

"घेतो," तो म्हणाला.

ती थोडा वेळ थांबली, मग आईच्या मदतीला गेली. उतरत्या उन्हात तो तसाच उभा होता, खडकावर, दोन्ही हात पसरून, जितके सरळ धरता येतील तितके सरळ धरून.